केडगावचे कृपा सदन

1883 मध्ये पंडिता रमाबाई आपल्या चिमुकल्या मुलीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडात वाँटेजला उतरल्या, तेव्हा डॉक्टर व्हायचे डोक्यात होते, ख्रिस्ती व्हायचे नव्हे. कान अधू असल्याने डॉक्टरकी राहून गेली. त्या ज्या सिस्टरांकडे राहत होत्या, त्यांनी लंडनच्या फुलम भागातले आपले एक काम त्यांना दाखवले. समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी ते घर चालत असे. अशा बाईला घराचा उंबरठा कायमचा बंद, हेच रमाबाईंनी आपल्याकडे पाहिले होते. इथे तर शिकल्यासवरल्या सिस्टर तिची सेवा करत होत्या.

तुम्हाला यांची कणव येते ती कशामुळे, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर आलेली, पाच नवरे होऊन गेलेली, यहुद्यांनी विटाळ मानलेली ती बाई. तिच्याकडे येशू पाणी मागतो. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण चर्च सांगेल ते मुकाट ऐकण्याचा त्यांचा पिंड नव्हता. वाँटेजच्या सिस्टरांशी त्यांचे वाद पुढे पत्रांतून चालूच राहिले.

उपासमार रमाबाईंनी इंग्लंडला जाण्याआधीच भोगली होती. 1874 च्या सुमारास पुराणे सांगत हिंडणारे त्यांचे विद्वान कुटुंब अन्नाला मोताद झाले. आधी वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले. मग आई अंथरुणाला खिळली. तिला बाजरीच्या भाकरीचा तुकडा हवा होता, म्हणून रमा शेजारच्या दारात गेली; मागायला तोंड उघडेना. भाकरी मिळाली, पण ती खाण्याचे बळ आईत उरले नव्हते.

तरीही त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत उघडलेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. सदन पुण्याला आल्यावर 1893 मध्ये धर्मांतराच्या संशयावरून गदारोळ उठला आणि न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले.

1896-97 च्या दुष्काळाने या कामाची कक्षा रुंदावली. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या सुमारे 300 बायका-मुली घेऊन आल्या. दुष्काळाने जात पाहिली नव्हती, मग दाराशी तरी ती कशी पाहायची? पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध. म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या सुमारे 100 एकर माळावर या मुलींची सोय झाली. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, हे ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून त्यांनी सरकारलाही सुनावले. गोऱ्या साहेबाचा धर्म घेतला म्हणून त्याची भीड धरणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती सदनाची वस्ती दीड हजारांवर गेली. एवढी तोंडे नुसत्या देणग्यांवर किती दिवस पोसणार? शेती, गाईगुरे, हातमाग, शिवण, छापखाना, सगळीकडे बायकाच राबत. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबलही याच छापखान्यात, मुलींच्या हातून छापले गेले. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी पूर्ण झाले.

याच आवारात कृपा सदन उभे राहिले. फसवल्या गेलेल्या, घराबाहेर काढलेल्या, ज्यांचे नाव घ्यायला नातेवाईकही तयार नसत, अशा बायकांसाठी. फुलमला पाहिलेले काम केडगावच्या माळावर आले ते असे.

भुकेल्याच्या ताटाबरोबर धर्म वाढला जात होता, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुक्तीत प्रार्थना होती, बायबल होते, बाप्तिस्मेही होत. मात्र टीकाकारांपैकी किती जणांनी अशा बाईसाठी आपल्या घराचे दार उघडले असते, हाही हिशेब मांडावा लागेल. विधवांना शिकवणे सुधारकांना पटत होते. ‘बदनाम’ बाईला जवळ करण्याची तयारी फार थोड्यांची होती. रमाबाईंचा विषय निघाला की शारदा सदनाचे नाव हमखास येते, कृपा सदनाचे क्वचित. खरे तर ते आधी यायला हवे.