चुकीची किंमत : पहिल्या कॅमेऱ्याचा इतिहास

औंढा नागनाथच्या मंदिरासमोर भर दुपारी उभे राहून नव्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याने फोटो काढला, तर पहिला फोटो बहुधा बिघडतो. मंदिराचा खालचा भाग काळ्या दगडाचा, शिल्पांच्या थरांनी भरलेला. वरचा भाग नंतरच्या जीर्णोद्धारातला, पांढरा. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला काळे-पांढरे कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून तो हिशेब करतो. चौकटीत नुसती शिल्पे घेतली, तर काळा दगड राखेसारखा फिका उतरतो. शिखर घेतले, तर पांढरा चुना मळकट दिसतो. दोन्ही एकत्र घेतली, तर खालचे हत्ती तरी अंधारात जातात, नाहीतर वरचे शिखर तरी आभाळात विरघळते.

शिकाऊ माणूस मागच्या पडद्यावर पाहतो, चुकचुकतो आणि फोटो पुसून टाकतो. त्याला एक सेकंद लागतो, पैसा एकही लागत नाही. आपल्याला ही गोष्ट आता क्षुल्लक वाटते. परंतु छायाचित्रण शिकण्याचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर सर्वांत मोठा बदल नेमका इथे झालेला आहे. प्रकाश तोच आहे, भिंगाचे नियम तेच आहेत. बदलली ती चुकीची किंमत. आणि कॅमेरा कोणाच्या हाती जाणार, हे त्या किमतीनेच ठरवले.

छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये 1839 मध्ये जाहीर झाला. पंधरा वर्षांनी, 1854 मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी एक. पेशाने डॉक्टर असलेल्या या गृहस्थांनी मुंबईतल्या निरनिराळ्या व्यवसायांतल्या लोकांची छायाचित्रे घेतली. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढून नावारूपाला आलेले हरिश्चंद्र चिंतामण हे याच वर्गाचे विद्यार्थी. कंपनी सरकारला त्याच सुमारास लेण्यांची आणि मंदिरांची चित्रे हवी होती. त्याच वर्षी कॅप्टन बिग्ज यांना विजापूर, बदामीकडच्या वास्तूंच्या छायाचित्रणाचे काम देण्यात आले. म्हणजे आपल्याकडे हे शिक्षण सुरू झाले ते हौसेबरोबर सरकारी गरजेचाही हात धरून.

त्या पिढीच्या शिकाऊला चूक किती महाग पडत असेल, हे त्या काळच्या पद्धतीवरून कळते. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 1851 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘ओल्या काचेची’ पद्धत तेव्हा रुळू लागली होती. काच घासूनपुसून लख्ख करायची, तिच्यावर कोलोडियनचा चिकट थर एकसारखा ओतायचा, अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि पुन्हा अंधारात धावत जाऊन ती धुवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत. कोलोडियनमध्ये ईथर असते. आपल्या उन्हाळ्यात ते आणखी लवकर उडते. थर वाळला की काच वाया गेली. बाहेरगावी जायचे तर तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या आणि हे सारे वाहणारी माणसे हवीत. ही हौस डॉक्टरांना, लष्करी अधिकाऱ्यांना आणि संस्थानिकांनाच परवडणारी होती.

आता हिंगोलीकडे येऊ. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती; 1903 पर्यंत ती तशीच राहिली. निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराचे नाव मात्र भारताच्या छायाचित्रणात अजरामर झाले : राजा दीनदयाळ. शिकाऊंच्या दृष्टीने त्यांची सुरुवात महत्त्वाची आहे. 1844 मध्ये जन्मलेले दीनदयाळ रुडकीला अभियांत्रिकी शिकले, इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि 1874 च्या सुमारास, तिशीत, त्यांनी कॅमेरा हाती धरला. नकाशे आणि अंदाजपत्रके करणाऱ्या माणसाची नजर त्यांच्या इमारतींच्या चित्रांत दिसते : रेषा सरळ, कोन विचारपूर्वक निवडलेला. त्यांनी 1892 मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओही काढला.

याच काळात पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स दख्खनची मंदिरे पाहत, मोजत आणि टिपत होते. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा त्यांचा ग्रंथ 1931 मध्ये निघाला; त्यात औंढ्याच्या मंदिराची नोंद आहे. कझिन्स यांचे काम आजही अभ्यासकाला टाळता येत नाही. पण ते पाहुण्याचे काम होते. मंदिराच्या भिंतीवरची शिल्पे त्यांनी नीट पाहिली. त्या भिंतीच्या सावलीत रोज बसणारी माणसे हा त्यांचा विषय नव्हता. आपल्या भागाकडे छायाचित्रांतून कोणी पाहायचे, हे दीर्घकाळ बाहेरच्यांनीच ठरवले. त्यामागे दुष्टपणा नव्हता. साधनाची किंमतच तशी होती.

मराठी माणसाने ही किंमत कशी मोजली, याचे सर्वांत बोलके उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. त्र्यंबकेश्वरी 1870 मध्ये जन्मलेले फाळके जे. जे. कला शाळेतून बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे प्राचार्य गज्जरांनी त्यांना छायाचित्रणाची प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे गोध्र्याला व्यवसाय थाटला. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले. बडोद्यात परतून पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो या समजुतीमुळे गिऱ्हाईक फिरकेना. काही काळ पुरातत्त्व खात्यातही त्यांनी नोकरी केली. चित्रपटाचा ध्यास घेतल्यावर विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून ते 1912 मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

त्या कॅमेऱ्यावर त्यांनी सुरुवातीच्या काळात काय टिपले? एक वाटाणा. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा कोंब फुटून वेल होईपर्यंत, महिनाभर, एकेक चित्र घेत त्यांनी मिनिटभराचा चित्रपट केला. भांडवल देणाऱ्याला तो दाखवायचा होता, हे खरे. तरी तो शिकाऊचा धडाही होता : विषय एकच, जागा एकच, कॅमेरा हलवायचा नाही, प्रकाश सांभाळायचा आणि दिवसांमागून दिवस संयम ठेवायचा. फिल्म महाग होती, म्हणून प्रत्येक चित्रामागे विचार होता.

विसाव्या शतकात किंमत हळूहळू उतरली. खेडोपाडीच्या स्टुडिओत लाकडी कॅमेरा आला, त्यामागे काळे कापड आले, रंगवलेला पडदा आला. बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्याने मध्यमवर्गीय घरांत प्रवेश केला. त्याच्या एका रोलवर बारा फोटो निघत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने ‘इंदू’ ही देशी फिल्म बाजारात आणली. तरीही बारा म्हणजे बाराच. लग्नाला बारा, सहलीला बारा. शिकण्यासाठी रोल ‘वाया घालवायचा’ ही कल्पना घरात कोणाला रुचली असती? चांगला एसएलआर लाभलेला हौशी माणूस सोबत वही ठेवी : फोटो क्रमांक सात, छिद्र अमुक, शटरचा वेग तमुक. रोल धुऊन येईपर्यंत आठवडे जात. फोटो बिघडलेला दिसे तेव्हा तो प्रकाश, ती जागा आणि ती माणसे निघून गेलेली असत. 1993 मध्ये मतदार ओळखपत्रांवर छायाचित्र आले आणि असंख्य माणसे कॅमेऱ्यासमोर बसली. पण समोर बसणे वेगळे आणि मागे उभे राहणे वेगळे.

कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंहून अधिक, चित्र शंभर बाय शंभर ठिपक्यांचे, आणि ते कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. कोडॅकनेच 1991 मध्ये निकॉनच्या सांगाड्यावर पहिला बाजारू डिजिटल एसएलआर विकायला काढला. किंमत वीस हजार डॉलरच्या घरात. 1999 मध्ये निकॉनने डी-वन आणला. योगायोग असा की त्याच वर्षी 1 मे रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. 2003 मध्ये कॅननचा ईओएस 300डी हजार डॉलरच्या आत आला. नंतरच्या वर्षांत असे कॅमेरे नव्याने आणि मग जुन्या बाजारातून जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले.

या यंत्राने शिकाऊला दोन गोष्टी दिल्या. पहिली, उत्तर जागेवरच मिळू लागले. दुसरी, वही कॅमेऱ्यातच आली : छिद्र, वेग, आयएसओ, वेळ, सारे प्रत्येक फोटोसोबत आपोआप नोंदले जाते. एल्फिन्स्टनच्या वर्गात बसायला मुंबई गाठावी लागे; आता वर्ग जिथे प्रकाश आहे तिथे भरतो. हिंगोलीच्या दसऱ्याला रावण पेटतो तेव्हा शटरचा वेग कमी ठेवला, तर ज्वाळांचे रेशीम होते आणि माणसे पुसट होतात. वेग वाढवून आयएसओ चढवला, तर ठिणग्या सुट्या दिसतात, पण अंधारात दाणे उमटतात. वसमतच्या बाजारातल्या हळदीच्या ढिगाचा फोटो घेतला, की पिवळा रंग इतका भडकतो की त्यातली कांडी दिसेनाशी होते. प्रकाश थोडा कमी घेतला, की ती पुन्हा दिसतात. औंढ्याच्या काळ्या दगडासाठीही तोच उपाय : मापक सांगतो त्याहून थोडा कमी प्रकाश. हे तिन्ही धडे एका आठवड्यात, एकही रोल न जाळता शिकता येतात.

मात्र फुकट झालेली चूक शिकवतेच असे नाही. संध्याकाळी पाचशे फोटो काढून रात्री चारशे नव्वद पुसणारा माणूस, ते का बिघडले हे न पाहताच पुसतो. चांदीच्या क्षाराने जी शिस्त सक्तीने लावली, ती आता स्वतःच लावावी लागते. बिघडलेला फोटो लगेच न पुसता त्याचे आकडे वाचावेत. आज बाराच काढायचे असे ठरवून बाहेर पडावे. फाळक्यांसारखा आपला एक वाटाणा निवडावा.

तो वाटाणा कोणता, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यापुरता गंभीर आहे. पत्र्याच्या पेटीतली आजोबांची तसबीर ओलीने डागाळते आहे. जुने स्टुडिओ बंद होताना निगेटिव्ह रद्दीत जातात. नवे फोटो एका मोबाइलबरोबर किंवा बिघडलेल्या हार्ड डिस्कबरोबर नाहीसे होतात. पहिला कॅमेरा हाती आलेल्या मुलाने किंवा मुलीने घरातले जुने फोटो खिडकीजवळच्या मऊ उजेडात, तिपाईवर कॅमेरा स्थिर ठेवून, एकेक करून टिपावेत. मागे नाव, गाव, वर्ष लिहिलेले असेल तर त्याचाही फोटो घ्यावा. नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारावे आणि लिहून ठेवावे. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. यात प्रकाश, छिद्र, वेग हे सगळे शिकून होते, आणि कझिन्स यांच्या काचेवर जे उतरले नाही, ते घरच्या माणसाच्या हातून नोंदले जाते.