ब्युरेटमधला पहिला थेंब

अकरावीचा क्लास निवडताना घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘‘फिजिक्सला समज लागते, मॅथ्सला सराव. केमिस्ट्री म्हणजे पाठांतर. तिथे सरांची डिग्री कशाला बघायची?’’

या पूर्वपक्षात तथ्य किती, ते आधी पाहू. नीटमध्ये रसायनशास्त्राचे ४५ प्रश्न, १८० गुण. त्यांतले कित्येक थेट पाठ्यपुस्तकातल्या ओळींवर बेतलेले. हाताशी वेळ कमी. मग नेमके मुद्दे आणि लक्षात राहणाऱ्या ट्रिक देणारे सर काय वाईट? उलट संशोधन केलेले सर अभ्यासक्रम सोडून भरकटतात आणि मुलांच्या डोक्यावरून जाते. असे विद्वान मीही पाहिले आहेत. नुसत्या पदवीने शिकवता येते, असे माझे म्हणणे नाहीच.

पण बारावीच्या प्रयोगशाळेत या. शंकूपात्रात गरम ऑक्झॅलिक आम्ल आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल, वर ब्युरेटमध्ये जांभळे पोटॅशियम परमँगनेट. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग जातच नाही. मुलगी पात्र हलवत राहते. शेजारचा तर तोच अंतिम बिंदू समजून वाचन लिहायला घेतो. थोड्या वेळाने रंग मावळतो, आणि पुढचे थेंब मात्र पडताक्षणी नाहीसे होतात. असे का? ट्रिकवाल्या सरांकडे याचे उत्तर नसते. ज्याने टायट्रेशनमध्ये वर्षे घालवली आहेत तो सांगतो : अभिक्रियेत तयार होणारा मँगनीज (२+) आयन हाच तिचा उत्प्रेरक. सुरुवातीला तो नसतो, म्हणून ती रखडते.

तोच जांभळा रंग घेऊन पुढे जाऊ. पाठ केलेला नियम सांगतो की संक्रमण धातूंच्या आयनांचा रंग डी-इलेक्ट्रॉनांच्या संक्रमणामुळे येतो. परमँगनेटमधले मँगनीज +७ अवस्थेत. डी-कक्षेत एकही इलेक्ट्रॉन नाही. मग रंग कुठून आला? ऑक्सिजनकडून मँगनीजकडे होणाऱ्या प्रभार-स्थानांतरणातून. नियम पाठ असलेला विद्यार्थी इथे अडतो. कारण समजलेला अडत नाही.

‘कारणे सांगत बसायला वेळ कुठे आहे?’ हा दुसरा आक्षेप. वेळ वाचतो तो कारणांमुळेच. अल्डिहाइडवर हायड्रोजन सायनाइड, सोडियम बायसल्फाइट, ग्रिन्यार अभिकर्मक : पाठ करायच्या तर तीन अभिक्रिया. कार्बोनिल कार्बन इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो हे एकदा कळले की तिन्हींचे मूळ एकच. ग्लासगोच्या अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी या विषयाची अडचण फार नेमकी दाखवली : डोळ्यांना दिसणारा बदल, न दिसणारे कण आणि कागदावरची चिन्हे, या तीन पातळ्यांवर विद्यार्थ्याला एकाच वेळी वावरावे लागते. ट्रिक फक्त तिसरी पातळी हाताळते. उरलेल्या दोन कोण शिकवणार?

आणि विद्वत्ता वर्गात अडथळा ठरते म्हणे! इतिहास काय सांगतो? स्तानिस्लाव कान्निझारो जेनोवात शिकवत होते. अणुभारांचा गोंधळ निस्तरणारी त्यांची १८५८ची पुस्तिका हा त्यांच्या अध्यापनाचाच सारांश होता. १८६०च्या कार्ल्सरूए परिषदेत ती वाटली गेली. त्या परिषदेला हजर असलेले मेंडेलीव पुढे पीटर्सबर्गच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहायला बसले. हॅलोजन झाले, अल्कली धातू झाले, आता पुढे कोणती मूलद्रव्ये घ्यायची? या अध्यापकी अडचणीशी झगडतानाच १८६९ची आवर्त सारणी आकाराला आली. जी सारणी आज यमके जुळवून घोकली जाते, ती एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना केलेली मांडणी आहे. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

निवाडा पालकांनीच करावा. डेमो लेक्चरला बसा आणि सरांना एवढेच विचारा : परमँगनेटचा पहिला थेंब का रेंगाळतो? ‘सिलॅबसमध्ये नाही’ म्हणाले, तर उठून या. ‘किती गरम केलं होतं?’ असा उलट प्रश्न आला, तर फी भरून टाका.