घरची वाफ आणि शाळेचे बाष्पीभवन : मराठवाड्यातील दोन भाषांची शाळा

१/ जालना रस्त्यावरील शेंद्रा आज औद्योगिक वसाहत आणि ‘ऑरिक’ नगरीमुळे ओळखले जाते. कामासाठी आलेल्या कुटुंबांमुळे येथे मराठीबरोबर हिंदी आणि उर्दूही कानी पडते. मात्र मुलाची घरची भाषा एक आणि शिक्षणाची दुसरी, ही स्थिती या भागाला नवी नाही. तिच्यामागे शतकाहून मोठा इतिहास आहे.

२/ १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू राज्यभाषा झाली. बहुसंख्य घरांत मराठी, तर दरबार, न्यायालय आणि वरचे शिक्षण मुख्यतः उर्दूत, अशी विभागणी रूढ झाली.

३/ १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतर विभाग आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक विज्ञान भारतीय भाषेतून पदवीपर्यंत शिकवण्याचा हा धाडसी प्रयोग होता. मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे केंद्र तेव्हा औरंगाबादेत होते. पारिभाषिक शब्द कसे घडवावेत, हे सांगणारा वहीदुद्दीन सलीम यांचा ग्रंथ अंजुमनने १९२१ मध्ये प्रसिद्ध केला.

४/ मराठीतही हे काम जुने होते. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिकातून विज्ञान मराठीत आणले. १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ सुरू झाले. त्याच वर्षी अंजुमनचे ‘साइन्स’ हे उर्दू त्रैमासिक निघाले. दोन भाषांत एकाच वेळी विज्ञान रुजत होते, पण मराठवाड्यातील मराठी मुलाच्या वाट्याला वरच्या वर्गात बहुधा उर्दू परिभाषाच येई.

५/ याचा अर्थ एका उदाहरणातून कळतो. तळे ‘आटते’, धुणे ‘वाळते’, चुलीवरच्या भांड्यातून ‘वाफ’ निघते. मुलाच्या घरच्या भाषेत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींमागे एकच क्रिया आहे, हे विज्ञान सांगते आणि तिला एक नाव देते. उर्दू ग्रंथांत ते ‘तबखीर’, मराठी पुस्तकात ‘बाष्पीभवन’, इंग्रजीत ‘इव्हॅपोरेशन’.

६/ परिभाषा म्हणूनच अनावश्यक ओझे ठरत नाही. विखुरलेले अनुभव ती एका सूत्रात बांधते. मात्र आटणे आणि वाळणे यांची आठवण न देता थेट ‘तबखीर’ पाठ करून घेतले, तर मुलाच्या हाती केवळ शब्द उरतो. उत्तर बरोबर येते, पण तळे का आटले हे उमगत नाही.

७/ १९४८ नंतर उर्दू परिभाषा मागे पडली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, तर १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद आणि १९६७ मध्ये ‘बालभारती’ स्थापन झाली. शाळेची भाषा आता घरची झाली, तरी नवी परिभाषा संस्कृतातून आली. खेड्यातील मुलाला ‘बाष्पीभवन’ही सुरुवातीला परकेच वाटले.

८/ वास्तविक अंतर फार नव्हते. संस्कृत ‘बाष्प’ हाच शब्द प्राकृतातून येत मराठीत ‘वाफ’ आणि हिंदी-उर्दूत ‘भाप’ झाला. हवा, वजन, जमीन, बर्फ हे अरबी-फारसी मुळांचे शब्द तर दोन्ही भाषांत समाईक आहेत. औरंगाबादच्या दखनीत मराठीचा ‘नको’ सहज रुळलेला आहे. बाजारात बांधलेला पूल शाळेत मात्र क्वचितच वापरला गेला.

९/ दोन भाषांमुळे मुलाची बुद्धी मंदावते, असा समज जगभर दीर्घकाळ होता. १९६२ मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासातून त्याला धक्का दिला. पुढे १९७९ मध्ये जिम कमिन्स यांनी बोलण्याची भाषा आणि शिकण्याची भाषा यांतील फरक मांडला. मूल नव्या भाषेत लवकर बोलू लागते. त्या भाषेत कारण सांगायला, तुलना करायला त्याला अनेक वर्षे लागतात.

१०/ आज सेमी-इंग्रजी वर्गांत मराठी मुले विज्ञान इंग्रजीतून शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेची शिफारस केली आहे. शेंद्र्यासारख्या ठिकाणी एकाच वर्गात अनेक मातृभाषा असू शकतात, तेव्हा हा प्रश्न अधिक अवघड होतो. तबखीर गेले, बाष्पीभवन आले, आता इव्हॅपोरेशन येत आहे. प्रत्येक वेळी वरचा शब्द बदलला. वाळत घातलेल्या कपड्यापासून त्या शब्दापर्यंत मुलाला नेण्याचे काम तेव्हाही शिक्षकाचे होते, आजही आहे.