सहा मेगापिक्सेलची शाळा

नवा कॅमेरा घेणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. जुना घेतला की मात्र सगळे विचारतात. "मोबाइल आहे ना चांगला? मग हे काय भंगार?" हा प्रश्न मला गेल्या सहा महिन्यांत घरी, ऑफिसात, एका लग्नात आणि चक्क लिफ्टमध्ये विचारला गेला आहे. प्रत्येकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकावं म्हणून हा खटाटोप.

कॅमेरा आहे निकॉन डी-४०. हा २००६ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. ६.१ मेगापिक्सेल, मागे अडीच इंचाचा पडदा, व्हिडिओ नाही, पडद्यावर बघून फोटो काढायची सोय नाही. भिंगातून डोळा लावूनच बघायचं. फोर्टात बोरा बझारच्या एका दुकानातून घेतला. दुकानदारानं एक फोटो काढून तो कॉम्प्युटरवर उघडला आणि म्हणाला, "मॅडम, अठरा हजार क्लिक झालेत फक्त. अजून पुष्कळ जीव आहे." फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा स्वतःच आपला हिशोब लिहून ठेवतो, हे मला तिथेच कळलं. जुनी गाडी घेताना किलोमीटर बघतात, तसं.

आता हाच का? त्याला एक घरगुती कारण आहे. आमच्याकडे पहिला डिजिटल कॅमेरा २००४ साली आला, छोटा, खिशात मावणारा. त्या दिवसापासून घरात रोल येणं बंद झालं आणि त्याबरोबर अल्बमही बंद झाले. फोटो शेकड्यांनी निघायचे, कॉम्प्युटरवर जायचे, दिवाळीत सगळे मिळून बघायचे. बाबा २०१० मध्ये गेले. २०११ मध्ये ती हार्ड डिस्क गेली. सीडीवर काही उतरवून ठेवलं होतं, पण त्या सीडी आता वाचल्या जात नाहीत (सीडीच्या आतल्या रंगद्रव्याचा थर काही वर्षांनी खराब होऊ शकतो, हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं). तर परिस्थिती अशी की आजीचा १९४१ साली साताऱ्याच्या स्टुडिओत काढलेला फोटो भिंतीवर स्वच्छ दिसतो आहे, पदराची किनार मोजता येते. आणि बाबांच्या शेवटच्या सहा वर्षांचे मोजून चार फोटो आहेत, तेही नातेवाइकांनी छापून घेतलेले.

हे यंत्र आमच्या घरात आलं, सगळं घेऊन गेलं, आणि मला ते कसं चालतं याची अक्षरही माहिती नव्हती. म्हणून मुद्दाम त्याच काळातला कॅमेरा घेतला. शिकायचं तर तिथूनच.

शिकताना पहिल्यांदा अडले ते उकडीच्या मोदकांपाशी. पांढऱ्या ताटात पांढरे मोदक, खिडकीतला उजेड. फोटो आला तो राखेत लोळवल्यासारखा करडा. दुसऱ्या दिवशी मावशीच्या गोठ्यातली म्हैस काढली, चौकटभर. तर ती काळीभोर म्हैस मातकट, धुरकट! कॅमेऱ्याला म्हैस आणि मोदक सारखेच दिसतात म्हणायचे. आणि ते खरंच आहे. प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला समोर काय आहे ते ठाऊक नसतं. चौकटीतलं सगळं सरासरी काढल्यावर मध्यम राखाडी असावं, एवढीच त्याची समजूत. मग पांढऱ्याला ते काळवंडवतं आणि काळ्याला उजळवतं. शटरच्या शेजारी एक छोटं बटण आहे, अधिक-उण्याचं. मोदकांना अधिक एक, म्हशीला उणे एक. झालं. बाकीच्या मॅन्युअलपेक्षा या एका बटणानं मला जास्त शिकवलं.

पण माझा पिंड पडला इतिहासाचा. बटण कळलं की ते आलं कुठून हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

तर सुरुवात धरायची १९५७ पासून. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श नावाचा संशोधक होता. कॉम्प्युटरला चित्र दाखवता येईल का, या खुळापायी त्यानं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा छापील फोटो फिरत्या नळकांड्यावर लावून ठिपक्याठिपक्यानं वाचून घेतला. १७६ गुणिले १७६ ठिपके. कॉम्प्युटरच्या पोटात गेलेला हा पहिला फोटो, आणि तो एका तान्ह्या मुलाचा. मला हे फार आवडतं. पुढे जगभरच्या आईबापांनी या तंत्राचं जे केलं, ते पहिल्याच दिवशी झालं होतं!

कर्शकडे कॅमेरा नव्हता, आधी काढलेला फोटो होता. थेट उजेडातून चित्र पकडायला वेगळी वस्तू हवी होती. ती १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना सुचली. खरं तर ते विचार करत होते कॉम्प्युटरच्या स्मृतीसाठी लागणाऱ्या भागाचा. नाव सीसीडी. काम कसं चालतं? कोकणातल्या कौलारू घराच्या अंगणात ओळीनं बादल्या मांडल्यात असं समजा. पाऊस पडला, प्रत्येकीत कमीजास्त पाणी साठलं. आता प्रत्येक बादलीतलं पाणी शेजारच्या बादलीत, तिथलं पुढच्या बादलीत, असं एकाच वेळी सरकवत न्यायचं आणि ओळीच्या टोकाला एकच माणूस मापटं घेऊन बसवायचा. त्यानं आलेलं पाणी मोजून वहीत लिहायचं. पाऊस म्हणजे उजेड, पाणी म्हणजे विजेचा भार, वही म्हणजे फोटो. दोघांना २००९ चं नोबेल मिळालं. चित्र घेण्यासाठी ही वस्तू वापरण्यात मायकेल टॉम्पसेट या त्यांच्याच सहकाऱ्याचा मोठा हात होता, तो मात्र राहिला. नोबेलचं असं नेहमीच होतं. असो.

माझ्या डी-४० मध्ये हीच सीसीडी आहे. आजच्या मोबाइलमध्ये ती नसते, सीमॉस नावाचा दुसरा प्रकार असतो, ज्यात प्रत्येक बादलीपाशी आपापला मोजणारा बसलेला असतो.

यानंतरची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, अर्धवट. १९७५, रॉचेस्टर, कोडॅक कंपनी. स्टीव्हन सॅसन हा पंचविशीचा इंजिनिअर. त्यानं सीसीडी, सुपर-८ सिनेकॅमेऱ्याचं भिंग, सोळा बॅटऱ्या आणि एक कॅसेट अशी मोट बांधून साडेतीन किलोच्या वर वजनाचं एक धूड तयार केलं. १०० गुणिले १०० ठिपके, म्हणजे दहा हजार. (कर्शच्या फोटोत याच्या तिप्पट होते.) एक फोटो टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. मग ती टेप दुसऱ्या यंत्रात घालून टीव्हीवर फोटो बघायचा. पहिला फोटो प्रयोगशाळेतल्या एका मुलीचा. केस आणि मागची भिंत दिसत होती, चेहऱ्याच्या जागी नुसती मुंग्यांची वारूळं. तारांची अदलाबदल केल्यावर चेहरा उमटला.

एक बारीकशी गोष्ट मला यातली सगळ्यात बोलकी वाटते. टेपवर किती फोटो मावावेत हे सॅसनच्या हातात होतं. त्यानं ठरवले तीस. का? तर रोलमध्ये चोवीस किंवा छत्तीस फोटो असतात, त्याच्या मधला आकडा बरा! इतकं नवं यंत्र करणाऱ्या माणसाच्या डोक्यातही रोल बसलेला होता.

आणि तो कुणाच्या डोक्यात नव्हता? आमच्या घरात अगफा क्लिक थ्री होता, बडोद्यात तयार झालेला. त्याच्या रोलमध्ये फोटो बसत फक्त बारा. बारसं आलं की बाबा आदल्या दिवशी वहीत लिहीत, कुणाकुणाचे काढायचे. तीन फोटो पाळण्याचे, दोन आजीबरोबर, एक सगळ्यांचा. पुढे नव्वदच्या दशकात छत्तीसचा रोल आला तरी रोल, धुलाई आणि प्रती मिळून तीनशेच्या घरात खर्च जाई, म्हणून तो एक रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा. अशा घरात मोदकाचा एक फोटो बिघडवून बघू असं कोण म्हणणार? कॅमेरा बाबांच्या हातातच राही, कारण बिघडवण्याची परवानगी कुणालाच नव्हती, आणि त्यातल्या त्यात त्यांचे कमी बिघडत. आईनं आयुष्यात एकही फोटो काढला नाही. मीही चाळिशी उलटल्यावर शिकते आहे. माझ्या मते डिजिटल कॅमेऱ्यानं केलेली खरी उलथापालथ ही आहे. फोटो चांगला येऊ लागला असं नाही (सुरुवातीची बरीच वर्षं तो रोलपेक्षा वाईटच येत होता), तो फुकट बिघडवता येऊ लागला.

कोडॅकनं सॅसनच्या यंत्राचं पेटंट १९७८ मध्ये घेतलं, पण रोल विकून पोट भरणाऱ्या कंपनीला बिघडवण्याची फुकट सोय बाजारात आणायची घाई कशी असणार! तरी त्यांनी काहीच केलं नाही हे खरं नाही. १९९१ मध्ये त्यांनीच निकॉनच्या एफ-३ कॅमेऱ्याला १.३ मेगापिक्सेलचं पोट लावून विकायला काढलं. फोटो साठवायची पेटी वेगळी खांद्याला अडकवायची. किंमत हजारो डॉलर. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. बाबांच्या हार्ड डिस्कनंतर वर्षभरानं.

कोडॅकमध्येच आणखी एक माणूस होता, ब्राइस बेयर. सीसीडीला रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. बेयरनं त्या ठिपक्यांवर रंगीत काचांची बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी बसवली. दर चार घरांत एक लाल, एक निळं आणि दोन हिरवी, कारण आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक हिरव्यात जास्त कळतो. पेटंट १९७६ चं. माझ्या कॅमेऱ्यातल्या एकेका ठिपक्याला एकच रंग खरा माहीत असतो, उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवले जातात. म्हणजे फोटोतला दोन-तृतीयांश रंग अंदाजानं भरलेला असतो. हे वाचल्यावर मी दोन दिवस सगळ्या फोटोंकडे संशयानं बघत होते.

आणि मग नासिर अहमद. हे नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं. जन्म बंगळूरचा, १९४० चा. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्रातली माहिती थोडक्यात मांडायची एक गणिती रीत त्यांना सुचली. १९७२ मध्ये त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. नकार आला. कल्पना फारच सोपी वाटते, असं एका परीक्षकाचं म्हणणं होतं. अहमदांनी तरीही काम पुरं केलं आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्याबरोबर जानेवारी १९७४ मध्ये ते छापलं. १९९२ मध्ये जेपेग आलं ते याच रीतीवर उभं आहे. फोटोचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातलं डोळ्याला जाणवणारं ठेवायचं, बाकीचं गाळायचं. कार्डात शेकडो फोटो मावतात ते त्यामुळे. ती 'फारच सोपी' कल्पना आज जगातल्या बहुतेक प्रत्येक माणसाच्या खिशात आहे.

आपल्याकडे शिकाऊ माणसाचे हाल याहून जुने. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी तर स्वतः फोटो काढत. त्या काळी काचेवर ओलं रसायन लावायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून, धुवून मोकळं व्हायचं. मुंबईच्या एप्रिलात हे करून दाखवणाऱ्याला मी दंडवत घालते. माझी बॅटरी संपली तर मी कुरकुरते.

आता मावशीविषयी. ती ब्याऐंशीची आहे, साताऱ्याजवळ एकटी राहते, म्हैस पाळते. काकांचं जुनं ५० एमएमचं भिंग तिच्या कपाटात होतं, त्यांच्या रोलच्या निकॉनचं. निकॉननं भिंग अडकवायची खाच १९५९ पासून तशीच ठेवली, त्यामुळे ते डी-४० वर 'खट्' करून बसलं. पण बसलं तरी कॅमेरा त्याला ओळखत नाही. प्रकाश मोजत नाही, फोकस करत नाही. सगळं हातानं. अंदाजानं आकडे लावायचे, फोटो काढायचा, मागे पडद्यावर आलेख बघायचा, डावीकडे ढीग पडला असेल तर शटर हळू करायचं, पुन्हा काढायचा. मावशी चुलीपाशी बसलेली, आणि मी चौदा वेळा तोच फोटो काढते आहे. "अगं किती काढशील? रोल संपेल ना," ती म्हणाली. संपत नाही म्हटल्यावर तिनं पदर सोडून दिला, खांदे सैल केले, आणि माझ्याकडे बघायचं सोडून चुलीत लाकूड सरकवायला लागली. पंधरावा फोटो तो.

फाइली दोन ठिकाणी ठेवते, पण माझा त्यांच्यावर आता विश्वास नाही. दर महिन्याच्या शेवटी चोवीस निवडते आणि कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये चार बाय सहाच्या प्रती काढून आणते. सहा मेगापिक्सेल त्याला पुरून उरतात. मागे पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिहिते. बाबांच्या उरलेल्या चार फोटोंचीही स्कॅन करून नवी प्रत काढली. त्यातल्या एकात ते कॅमेरा हातात धरून आहेत, तोच २००४ चा.

या महिन्याचा गठ्ठा मावशीकडे घेऊन गेले तेव्हा तिनं स्वतःचा फोटो बघून "बरी दिसतेय" म्हणून बाजूला ठेवला. म्हशीचा मात्र दोनदा बघितला. तो गोठ्याच्या दाराला लावायचा म्हणून तिला मोठा हवा आहे.