दूध, सत्त्व आणि शिशुआहार : जावळी खोऱ्याच्या संदर्भात दुधाच्या वनस्पतिजन्य पर्यायांचा इतिहास

प्रस्तावना

लहान मुलाला आईच्या दुधाखेरीज काय द्यावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीने आपापल्या परिस्थितीनुसार सोडविला आहे. अलीकडे सोयाबीन, बदाम, ओट, तांदूळ, नारळ यांपासून तयार केलेली पेये ‘दूध’ या नावाने ओळखली जाऊ लागली आहेत. जनावराचे दूध न मानवणे, भेसळीची भीती किंवा प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणारी जीवनदृष्टी अशा निरनिराळ्या कारणांनी पालक त्यांच्याकडे वळतात. हा प्रश्न वरवर पाहता नवा वाटतो. तथापि, वनस्पतीपासून दुधाची उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांना भारतात दीर्घ इतिहास आहे आणि त्याआधीही डोंगराळ भागातील घरांत धान्यापासून बालकांचा आहार तयार करण्याची परंपरा होती. प्रस्तुत लेखात सातारा जिल्ह्यातील मेढा व परिसरातील नाचणीची परंपरा आणि विसाव्या शतकातील ‘वनस्पतिजन्य दुधा’चे प्रयोग यांचा एकत्रित विचार केला आहे.

मेढा परिसर : दूध आणि नाचणी

मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण वेण्णा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. इ. स. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोरे यांच्याकडून जावळी घेतली, त्या घटनेमुळे हा प्रदेश मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. घनदाट रान, तीव्र उतार आणि मुसळधार पाऊस ही लढाईच्या दृष्टीने महत्त्वाची ठरलेली वैशिष्ट्ये शेतीच्या दृष्टीने मात्र अडचणीची होती. खोऱ्यातील सखल जमिनीत भात आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी अशी पिकांची रचना येथे रूढ झाली. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी पट्ट्यातील लोकांचे अन्न म्हणून या धान्यांची नोंद आढळते.

डोंगरात गुरे होती, म्हणून मुलांना दूध मुबलक मिळत असे, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात दूध हा नाशवंत माल होता. रस्ते नसताना तो बाजारापर्यंत पोहोचत नसे. तूप किंवा लोणी मात्र पोहोचत असे. सह्याद्रीच्या माथ्यावरील गवळी धनगरांच्या जीवनाचा अभ्यास माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी केला. हे लोक म्हशी पाळत, ताक घरी ठेवीत आणि लोण्याच्या मोबदल्यात खोऱ्यातील कुणब्यांकडून धान्य घेत, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. म्हणजेच दुधाचा स्निग्धांश विनिमयात जात असे. ज्या कुटुंबाकडे दुभते जनावर नव्हते, त्याच्या मुलाला तर दूध हा क्वचितचा पदार्थ होता.

या परिस्थितीत नाचणीला बालआहारात स्थान मिळाले. नाचणीचे सत्त्व काढण्याची पद्धत महाराष्ट्राच्या डोंगरी व कोकणी भागांत सर्वपरिचित आहे. नाचणी निवडून भिजत घालतात, पाणी बदलत राहतात, फडक्यात बांधून तिला मोड आणतात, नंतर ती पाट्यावर वाटून पाण्यासह फडक्यातून गाळतात. खाली बसलेला पांढरा साका वाळवून ठेवतात आणि लागेल तसा तो पाण्यात किंवा दुधात शिजवून, थोडा गूळ घालून मुलाला भरवितात. न गाळता केलेल्या पिठाची आंबील व पेज हा मोठ्यांचाही आहार होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गाळून काढलेला हा द्रव दिसायला दुधासारखा पांढरा असला, तरी लोकभाषेने त्याला ‘सत्त्व’ म्हटले, ‘दूध’ म्हटले नाही. रीतीप्रमाणे ते अंगावरचे दूध चालू असताना त्याच्या जोडीला दिले जाई. आईचे दूध आटले किंवा आई दगावली, तर मात्र पाण्यात शिजविलेल्या सत्त्वावरच मूल वाढविण्याची पाळी गरीब घरांवर येई. ही निवड नव्हे, नाइलाज होता. परंपरेचा गौरव करताना हा भेद विसरता येत नाही.

महात्मा गांधी आणि दुधाच्या पर्यायाचा शोध

आधुनिक भारतात वनस्पतिजन्य दुधाचा प्रश्न जाहीरपणे मांडणारे पहिले मोठे नाव महात्मा गांधींचे होय. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध वर्ज्य केले. १९१८-१९ मधील गंभीर आजारपणात, मुंबईत, कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेण्यास मान्यता दिली. आपण व्रताचे अक्षर पाळले, परंतु आशय पाळला नाही, ही खंत त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे व्यक्त केली आहे. दुधाइतका पौष्टिक आणि पचण्यास तितकाच हलका वनस्पतिजन्य पदार्थ कोणाला ठाऊक असल्यास तो कळवावा, असे आवाहनही त्यांनी केले होते.

१९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग झाले आणि ‘हरिजन’ पत्रातून त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यविषयक पुस्तिका लिहितानाही त्यांना दुधाची जागा पूर्णपणे घेणारा पदार्थ सापडलेला नव्हता. स्वतःच्या देहावर तीस वर्षे प्रयोग केलेल्या व्यक्तीने आपली इच्छा आणि आपला अनुभव यांची गल्लत होऊ दिली नाही, हे येथे महत्त्वाचे आहे.

प्रयोगशाळेतील प्रयत्न

सोयाबीनचा शिशुआहारात वापर करण्याचा विचार पाश्चात्त्य देशांत आधीच सुरू झाला होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जॉन रूह्रा यांनी १९०९ साली शिशूंसाठी सोयाबीनच्या पेजेसंबंधी लेखन केले. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नटंचाईमुळे या विषयाला निकड प्राप्त झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. सुब्रह्मण्यम, एस. एस. डे आणि एच. एस. आर. देशिकाचार यांनी सोयाबीनच्या दुधावर संशोधन केले आणि त्याची पोषणक्षमता गाईच्या दुधाशी ताडून पाहिली. त्याच सुमारास, १९४६ साली, सोयाबीनविषयक शासकीय समितीने भाताच्या आहाराला पूरक म्हणून सोयाबीन हे आपल्या नेहमीच्या डाळींपेक्षा सरस ठरत नाही, असा निष्कर्ष काढला.

याच काळात मुंबईने दुधाच्या टंचाईवर वेगळा मार्ग काढला. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४६ साली म्हशीच्या दुधात पाणी व स्निग्धांशरहित दुधाची भुकटी मिसळून ‘टोन्ड’ दूध तयार करण्यात आले. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली. सातारा व कोकणातून गिरण्यांत आणि गोदीत कामासाठी गेलेल्या कुटुंबांच्या मुंबईत दुधाचा प्रश्न जीवनमरणाचा होता. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले होते. या भीषण आकड्यामागे दाटीवाटीच्या खोल्या, अस्वच्छता, रोगराई आणि जन्मनोंदणीतील दोष अशी अनेक कारणे होती. निकृष्ट पोषण हे त्यांपैकी एक.

१९५० साली म्हैसूर येथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली आणि सुब्रह्मण्यम तिचे पहिले संचालक झाले. तेथे लक्ष भुईमुगाकडे वळले, कारण तेल काढल्यानंतर उरणाऱ्या पेंडीत विपुल प्रथिन होते. या प्रयत्नांतून पुढे ‘मिल्टोन’ हे पेय तयार झाले. शेंगदाण्यातील प्रथिन वेगळे काढून ते गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात मिसळावयाचे आणि त्यात जीवनसत्त्वे व खनिजे घालावयाची, असे त्याचे स्वरूप होते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे हजारो टर्की पक्षी मरण पावले आणि अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. त्यामुळे शेंगदाण्याच्या बालआहाराला कठोर तपासणीची अट येऊन पडली.

मिल्टोनची रचना बोलकी आहे. देशातील अग्रगण्य शास्त्रज्ञांनी दूध वाढविण्यासाठी शेंगदाणा वापरला. दूध काढून टाकून शेंगदाणा त्याच्या जागी बसविला नाही.

नाचणीकडे पुनरागमन

विशेष म्हणजे सोयाबीनच्या दुधावर काम केलेले देशिकाचार हेच पुढे म्हैसूरच्या संस्थेत नाचणीकडे वळले. १९८२ साली एन. जी. मल्लेशी व देशिकाचार यांनी मोड आणून भाजलेली नाचणी आणि मूग यांपासून शिशूंसाठी पूरक आहार तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. धान्याला मोड आले की त्यातील विकरे पिष्टाचे विघटन करतात. त्यामुळे लापशी पातळ राहते आणि थोड्या घासांत अधिक अन्न मुलाच्या पोटात जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी याच तत्त्वावर, घट्ट लापशीत चिमूटभर अंकुरित धान्याचे पीठ मिसळण्याची सोपी रीत विकसित केली. मोड आणण्याची जी कृती डोंगरातल्या स्त्रिया करीत आल्या होत्या, तिचे कारण प्रयोगशाळेत स्पष्ट झाले.

तथापि, शास्त्राने परंपरेतील एक उणीवही दाखविली. नाचणीतील कॅल्शियम व लोह यांचा मोठा भाग कोंड्याच्या बाजूस असतो. पांढरेशुभ्र सत्त्व मिळविण्यासाठी फडक्यातून गाळले की चोथ्याबरोबर हा भागही टाकला जातो. म्हणून मोड आणून, वाळवून, भाजून केलेले व चोथ्यासह वापरलेले बारीक पीठ हे गाळलेल्या सत्त्वापेक्षा अधिक पोषक ठरते.

आकड्यांचा अर्थ

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या व बहुप्रचलित तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत ३४४ मिलिग्रॅम, तर १०० ग्रॅम गाईच्या दुधात १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. या तुलनेवरून नाचणी दुधाच्या जवळजवळ तिप्पट श्रेष्ठ, असे विधान वारंवार केले जाते. परंतु एक आकडा कोरड्या धान्याचा, तर दुसरा द्रवाचा आहे. एक वाटी खिरीला सुमारे २० ग्रॅम पीठ लागते. त्यातून मुलाला सुमारे ६९ मिलिग्रॅम कॅल्शियम व दीड ग्रॅम प्रथिन मिळते. २०० ग्रॅम दुधातून मात्र सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम व साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळते. शिवाय नाचणीच्या प्रथिनात लायसिन कमी असते आणि ब-१२ हे जीवनसत्त्व तिच्यात नसते. उलट दुधात लोह अत्यल्प असते, ते नाचणी पुरविते. दोन्ही अन्ने परस्परांची उणीव भरून काढतात. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

नाव आणि निवड

‘दूध’ या नावाचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, हे परदेशातील घटनांवरून दिसते. २००१ साली अमेरिकेतील अटलांटा येथील डॉक्टरांनी दोन बालकांची नोंद प्रसिद्ध केली. तांदळाच्या पेयावर वाढलेल्या एका बालकास प्रथिनाच्या अभावामुळे क्वाशिओरकोर हा विकार झाला होता, तर शिशूंसाठी नसलेले सोयाबीनचे पेय घेणाऱ्या दुसऱ्यास मुडदूस झाला होता. २००३ साली इस्राएलमध्ये सोयाबीनपासून बनविलेल्या एका शिशुआहारात ब-१ जीवनसत्त्व अपुरे राहिल्याने काही शिशू दगावले. पहिल्या घटनेत पालकांचा हेतू चांगलाच होता. पेयाच्या नावाने त्यांची दिशाभूल केली.

भारतात १९९२ च्या कायद्याने शिशुदुग्ध पर्यायांच्या जाहिरातीवर निर्बंध घातले आणि २००३ च्या दुरुस्तीने ते अधिक कडक केले. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेये ‘दूध’ या नावाखाली विकू नयेत, असे निर्देश ऑनलाइन विक्रेत्यांना दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने केवळ आईच्या दुधाची शिफारस केली आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१) पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाला सत्त्व, पेज किंवा कोणतेही वनस्पतिजन्य पेय पर्याय ठरत नाही. आईचे दूध उपलब्ध नसल्यास वैद्यकीय सल्ल्याने शिशूंसाठीच तयार केलेला आहार द्यावा लागतो.

२) सहा महिन्यांनंतर मोड आणलेल्या नाचणीची खीर, डाळीची जोड देऊन, उत्तम पूरक आहार ठरते, मात्र स्तनपान चालू ठेवणे आवश्यक असते.

३) एक वर्षानंतर जनावराचे दूध वर्ज्य करावयाचे झाल्यास कॅल्शियम, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वे मिसळलेले, साखरविरहित सोयाबीनचे पेय हाच प्रथिनाच्या दृष्टीने दुधाच्या जवळ जाणारा पर्याय आहे. बदाम, तांदूळ किंवा नारळ यांची पेये प्रथिनाच्या बाबतीत फार तोकडी पडतात. असा बदल बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हावा.

४) नाचणीचे महत्त्व तिला दुधाची बरोबरी करावयास लावल्याने वाढत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा नाचणीची थोरवी पुष्कळ गायिली गेली. तिची खरी योग्यता ती अन्न म्हणून किती उपयोगी आहे, यात आहे.

जावळी खोऱ्यातील स्त्रियांनी पांढऱ्या साक्याला ‘सत्त्व’ म्हटले आणि दुधाला ‘दूध’. पोषणशास्त्राचे तक्ते त्यांच्यापुढे नव्हते, तरीही हा भेद त्यांनी भाषेत जपला. मुलाचे अन्न निवडताना तोच भेद आज पालकांनी वेष्टनावरील नाव बाजूस ठेवून, त्यामागील घटकांची यादी वाचून जपावयाचा आहे.