जेवणाचें माप आणि इन्सुलिनचें माप

औषध सांपडलें म्हणजे तें किती द्यावें हा प्रश्न आपोआप सुटतो, अशी सामान्य समजूत आहे. इन्सुलिनचा इतिहास ही समजूत खोटी ठरवितो. इन्सुलीन रोग्याच्या शरीरांत प्रथम गेलें तें १९२२ सालीं. परंतु प्रत्येक जेवणास त्याची मात्रा किती, आणि ती ठरवावी कोणीं, या वादाचा निकाल लागण्यास पुढें सुमारें ऐंशीं वर्षें लागलीं.

इन्सुलीनपूर्व काळांत मधुमेही मुलाचें आयुष्य लांबविण्याचा एकच उपाय वैद्यकास ठाऊक होता, आणि तो म्हणजे उपासमार. अमेरिकेंतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनीं हा उपाय शिस्तबद्ध केला. मुलें कांहीं महिने, क्वचित् कांहीं वर्षें अधिक जगत. पण जगत तीं अस्थिपंजर होऊन. अशा स्थितींत टोरांटो येथें बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड व कॉलिप यांच्या परिश्रमांस फळ आलें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलास पहिलें टोंचणें दिलें गेलें. त्याचा गुण अल्प आला. कॉलिप यांनीं शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीस दिला, तेव्हां मात्र मुलाची प्रकृति झपाट्यानें सुधारली.

आतां मापाचा प्रश्न उभा राहिला. अर्काची शक्ति प्रत्येक घाण्यास निराळी असे. म्हणून उपाशी सशाची रक्तशर्करा किती उतरते, यावरून इन्सुलिनचें एकक बांधण्यांत आलें. परंतु माणूस म्हणजे ससा नव्हे. मात्रा कमी पडली तर साखर वाढून रोगी हळूहळू बेशुद्धीकडे जाई. अधिक झाली तर घाम, कंप व भ्रम होऊन थोड्याच वेळांत शुद्ध हरपे. दुसऱ्या संकटावर तोडगा सोपा होता, साखर किंवा संत्र्याचा रस. पण तो वेळेवर मिळाला पाहिजे. या दुहेरी भीतीमुळें डॉक्टरांनीं सावध मार्ग धरिला: अन्न ठरीव, मात्रा ठरीव, घटकाही ठरीव. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही असून १९२३ सालीं इन्सुलिननेंच मरणाच्या दारांतून परतले होते. त्यांनीं कर्बोदकाचे दहा दहा ग्रॅमचे वांटे पाडून रोग्यांस आहार मोजावयास शिकविलें. घरोघरीं तागडी आली, आणि मूत्र तपासण्याची नळी आली.

याच सुमारास ब्रेस्लौ येथील बालरोगतज्ज्ञ कार्ल स्टोल्टे यांनीं उलट प्रश्न विचारला. निरोगी देहांत स्वादुपिंड अन्नामागून चालतें. मग मधुमेही मुलानेंच इन्सुलिनच्या मागून कां चालावें? मुलास भुकेप्रमाणें जेवूं द्यावें आणि मात्रा प्रत्येक जेवणास जुळवून घ्यावी, असें त्यांचें मत होतें. तत्कालीन अधिकारी मंडळीस हें रुचलें नाहीं. त्यांचा आक्षेप पोकळ होता असेंही नव्हे. मूत्रांतील साखर कांहीं तासांपूर्वींची हकीकत सांगते, आणि रक्तांतील साखर घसरूं लागली तर कांहींच सांगत नाहीं. शिवाय १९३६ सालीं डेन्मार्कचे हागेडोर्न यांनीं सावकाश काम करणारें इन्सुलीन सिद्ध केलें. टोंचण्या कमी झाल्या खऱ्या. पण एकदां टोंचलेलें औषध परत घेतां येत नाहीं. तें दिवसभर काम करी, आणि रोग्यास भूक असो वा नसो, त्याच्या वेळेस जेवणें भाग पडे.

स्टोल्टे यांच्या विचारास आधार मिळाला तो बोटाच्या टोंकावरील रक्ताच्या थेंबाचा. १९७० नंतरच्या दशकांत रक्तशर्करा घरीं मोजणें शक्य झालें. ड्युसेलडॉर्फ येथें मिखाएल बर्गर व त्यांचे सहकारी यांनीं रोग्यांनाच हें गणित शिकविण्याचे वर्ग काढले. १९९३ सालीं अमेरिका व कॅनडा येथील १४४१ व्यक्तींच्या पाहणीनें दाखविलें कीं काटेकोर उपचारानें डोळे व मूत्रपिंडें यांची हानि पुष्कळ टळते. मात्र साखर अति उतरण्याचे गंभीर प्रसंग सुमारें तिप्पट होतात. म्हणजे शिक्षणावांचून काटेकोरपणा घातक. १९९६ सालापासून झटपट काम करणारें इन्सुलीन मिळूं लागलें, आणि ड्युसेलडॉर्फची पद्धत ब्रिटनमध्यें पारखली जाऊन २००२ सालीं तिचे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तें गणित असें. समजा, एका रोग्यास दहा ग्रॅम कर्बोदकास एक एकक लागतें, आणि एका एककानें त्याची साखर ५० नें उतरते. ताटांत ६० ग्रॅम कर्बोदक आहे. साखर १२० हवी, ती १७० आहे. अन्नासाठीं सहा, वाढीव साखरेसाठीं एक, एकूण सात. आधींच्या टोंचणीचा अंमल शिल्लक असेल किंवा पुढें श्रम करावयाचे असतील, तर त्यांतून वजा करावयाचें. हे आंकडे एका कल्पित रोग्याचे होत. प्रत्येकाचे निराळे, सकाळचे व रात्रीचेही निराळे, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालींच ठरवावयाचे असतात. आपल्याकडील भाकरी कोणी तोलून थापीत नाहीं. पण एकदां तोलून पाहिली, भात रोज त्याच वाटीनें घेतला, तर अंदाज हातीं बसतो.

इन्सुलिननें प्राण वांचविले; परंतु रोग्यास आपल्या भुकेचा मालक केलें तें या मोजणीनें. ज्या घरीं रक्त तपासण्याचें साधन परवडत नाहीं, तेथें ठरीव अन्न आणि ठरीव मात्रा हेंच बंधन अजून उरलें आहे, हें मात्र विसरतां येत नाहीं.