बैठ्या धंद्यांची कंबरदुखी

इटलीतील मोडेना येथे १७०० साली बेर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर लॅटिन ग्रंथ छापला. रोग्याला त्याचा धंदा विचारावाच, हा त्याचा आग्रह. शिंपी आणि चांभार दिवसभर वाकून बसत. शिंप्याचा पाय मांडीशी दुमडलेला राही. त्याला मुंग्या येत, कंबरेपासून पायापर्यंत कळ जाई. मिरवणुकीतही ही मंडळी पोक काढूनच चालत. निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करावा, असे रामात्सिनी सुचवतो. पोटासाठी बसणे भागच असलेल्यांना झेपेल असा हा सल्ला, म्हणूनच मोलाचा. १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांची भर पडली; त्यांच्या दुखण्याची कारणे: अखंड बैठक, हाताची एकसारखी हालचाल, मनावरचा ताण. कंबरेपासून पायापर्यंत जाणाऱ्या अशा कळेचे एक कारण, म्हणजे मणक्यांमधली चकती सरकून नस दाबते हे, मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ साली अमेरिकेत मांडले.